शोल्याचं वापिटी

श्यामसुंदर देशकरची वाचा गेली ती १९७० सालच्या जानेवारीत, एका सकाळी अंघोळीला जाताना. मोरीत बादली उलटल्याचा आवाज झाला म्हणून प्रेमलता धावत आली, तर दादा ओल्या फरशीवर आडवा. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, उजवा हात अंगाखाली मुडपलेला, आणि डोळे टक्क उघडे. "दादा, काय झालं रे?" असं तिने चारचारदा विचारलं. त्याने नुसतं तिच्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून तो नुसता पाहतच राहिला.

घरात ही दोघंच. वडील बंगाल-नागपूर रेल्वेच्या नोकरीपायी नागपूर सोडून कलकत्त्याला आले, गार्डन रीचच्या कचेरीत उभा जन्म काढला आणि इथल्याच मातीला मिळाले. मागोमाग आई गेली. प्रेमलताचं लग्न काही केल्या जमलं नाही. श्यामसुंदरने करायचंच नाही म्हणून सांगितलं, आणि का, ते कधी सांगितलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तोही वडिलांच्याच कचेरीत चिकटला. ती भवानीपूरच्या एका मुलींच्या शाळेत शिवण आणि चित्रकला शिकवायची. संध्याकाळी दोघं समोरासमोर बसून जेवायची आणि बोलायचं काम दादाचं असायचं.

त्याच्याकडे बोलायला एकच विषय होता, पण तो पुरून उरायचा. एकोणिसाव्या वर्षी वडिलांना न विचारता तो हवाई दलात हवाई सिपाही म्हणून दाखल झाला होता. इंग्रजांचं राज्य, लढाईच्या आधीचे दिवस. आधी कराची, मग पठाणांच्या सरहद्दीवरचे उघडेबोडके डोंगर. विमानाचं नाव वापिटी. एकावर एक असे दोन पंख, मध्ये तारांचं जाळं, वर छप्पर नाही, बसायला दोन उघडे खड्डे. पुढच्या खड्ड्यात वैमानिक साहेब, आणि मागच्या खड्ड्यात बंदूक घेऊन उभा श्यामसुंदर देशकर. पडू नये म्हणून त्याच्या कमरेची साखळी विमानाच्या तळाला अडकवलेली.

"पमे, थंडी अशी की मिशांचे केस कडक व्हायचे," तो सांगायचा. "खाली मेंढ्या दिसायच्या मोहरीच्या दाण्यांएवढ्या."

"आणि एवढ्या उंचावर जाऊन तुम्ही करायचात काय?"

"कागद टाकायचो. पश्तूत छापलेले. सरकारचे निरोप लोकांना." एवढं बोलून तो हसायचा आणि पुन्हा थंडीवर यायचा.

डॉक्टर लाहिरींनी फारशी आशा दाखवली नाही. उजवी बाजू परत यायची नाही, म्हणाले. जिना उतरता उतरता मात्र सहज बोलून गेले, "त्यांना आवडीच्या वस्तू दाखवत जा. कधी कधी एखादा शब्द परत येतो."

प्रेमलताने तेवढंच धरून ठेवलं. आईवडिलांचा फोटो दाखवला, नागपूरहून संत्री मागवून ती त्याच्या नाकाशी धरली, गणपतीच्या आरत्या म्हणून पाहिल्या. दादा पाहायचा, ऐकायचा, आणि ओठ हलायचे नाहीत. एक गोष्ट मात्र तो करायचा. संध्याकाळी ती खाटेशी बसली की डावा हात पुढे करून तिचं मनगट धरायचा आणि बराच वेळ धरून ठेवायचा. तेवढंच बोलणं आता दोघांत उरलं होतं. तिला ते पुरलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं.

विमान करायचं तिच्या मनात आलं ते मे महिन्यात. शहरात तेव्हा नक्षलवाद्यांपायी रोज कुठे ना कुठे गडबड असायची. गल्लीत हातबाँब फुटायचे, परीक्षा उधळल्या जायच्या, शाळा आठवडे आठवडे बंद. घरात बसून हातांना काम नव्हतं, आणि हात तर तिचे शिकलेले होते. कॉलेज स्ट्रीटवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात तिला विमानांचं एक इंग्रजी पुस्तक सापडलं. त्यात वापिटीचे नकाशे होते, समोरून, बाजूने आणि वरून. फुटाला अर्धा इंच असं माप तिने धरलं. पंखांची लांबी सव्वा हात भरली.

लाकूड तिला जमणारं नव्हतं. कालीघाटला एक मालाकार होता, लग्नातले मुकुट आणि देवीचे दागिने करणारा. त्याच्याकडून तिने शोला आणला. पाणथळीत वाढणाऱ्या रोपाचा तो पांढराशुभ्र, भुसभुशीत गाभा, कापसासारखा हलका आणि धारदार सुरीने हवा तसा कापता येणारा. विमानाचं धड तिने शोल्याचं कोरलं, पंखांचा सांगाडा बांबूच्या कामट्यांचा केला आणि त्यावर पतंगाचा कागद ताणून बसवला. इंजिनाच्या नळकांड्या नाकाभोवती गोल लावायच्या होत्या. त्यांच्यावरच्या बारीक चकत्या काही केल्या जमेनात, तेव्हा तिने शोल्याच्या खुंट्यांवर काळा दोरा पदरापदराने गुंडाळला. दुरून पाहिलं तर हुबेहूब लोखंड.

सगळं स्वयंपाकघरात चालायचं. दादाला आधी दिसायला नको होतं. कामाला येणारी पारुल भाजी चिरता चिरता हसायची. "दिदिमणी, यात बसून कुठे जाणार?"

"दादाला घेऊन नागपूरला," प्रेमलता म्हणायची.

काम सोपं नव्हतं. पावसाळ्यात पतंगाचा कागद सैल पडून लोंबू लागला, तो सबंध काढून पुन्हा चढवावा लागला. दोन पंखांमधल्या तारांसाठी तिने रेशमाचा दोरा मेणावरून ओढून घेतला, पण एका बाजूचा दोरा जरा जास्त ताणला गेला की दुसऱ्या बाजूचा पंख पिळवटायचा. सोडायचं, पुन्हा ओवायचं. त्या दिवसांत ती कधी नव्हे ती सुखात होती. दादाला भरवताना तिला वाटायचं, थोडे दिवस थांब रे, एकदा हे बघितलंस की बोलशील.

दादाच्या पेटीत एकच फोटो होता, वापिटीसमोर उभ्या असलेल्या चार सिपायांचा. त्यात खालच्या पंखाखाली काहीतरी लटकलेलं दिसत होतं. पुस्तकातल्या नकाशात ते नव्हतं. ते विचारायला ती ऑक्टोबरात बालीगंजहून लोकल पकडून बजबजला गेली. फोटोतल्या चौघांपैकी दत्तात्रय निकम तिथे तेलाच्या डेपोत नोकरीला होते. साताऱ्याकडचे, दादाच्या बरोबरचे. तो आजारी पडल्यावर एकदा भेटून गेले होते.

निकमांनी फोटो उजेडात धरला. "ते होय? बाँब आहेत, बाई. दर पंखाखाली अशी ओळ असायची."

"रंग कोणता?"

"पिवळा." मग त्यांनी वर पाहिलं. "कशाला हवंय तुम्हाला?"

तिने विमानाचं सांगितलं. निकमांनी कौतुक केलं नाही. त्यांची बायको चहा ठेवून आत गेली, तसे ते खुर्चीत पुढे सरकले.

"श्याम काय सांगायचा तुम्हाला तिथलं?"

"कागद टाकायचो म्हणायचा."

"ते खरंच आहे. आधी कागद. अमुक दिवशी गाव सोडा, म्हणून. मग त्या दिवशी आम्ही जायचो."

"पण गाव रिकामा असायचा ना?"

"असायला पाहिजे असं साहेब म्हणायचे." त्यांनी फोटो तिच्याकडे परत दिला. "बाई, विमान करताय तर करा. पण हे लावू नका. नुसतं विमान चांगलं दिसतं."

प्रेमलताने मान डोलावली. परतीच्या गाडीत खिडकीशी बसून ती फोटो पुन्हा पुन्हा पाहत होती. निकम जे बोलले ते तिने ऐकलं होतं, पण तिच्या मनात घोळत होतं वेगळंच. दादाच्या डोळ्यांना अर्धवट विमान ओळखू आलं नाही तर? जसं होतं तसंच हवं. इतकी मेहनत एका एवढ्याशा गोष्टीपायी वाया जायला नको. घरी येऊन तिने शोल्याचे बोटाच्या पेरापेक्षाही लहान बाँब कोरले, त्यांना पिवळा रंग दिला आणि पंखांखाली ओळीने चिकटवले. दिसायला ते सुरेख दिसत होते. तसं तिला वाटलंही.

भाऊबीजेला तिने दादाला अंघोळ घालून धुतलेला सदरा चढवला, उशांना टेकवून बसवलं, कुंकू लावून ओवाळलं. पारुलही दारात उभी राहून पाहत होती. मग प्रेमलताने आतून विमान आणलं आणि त्याच्या मांडीवर पाट ठेवून त्यावर अलगद ठेवलं.

दादाचे डोळे मोठे झाले. डावा हात उचलला गेला, वरच्या पंखावरून हळूहळू फिरला, तारांना लागला. मग बोट मागच्या खड्ड्यात गेलं आणि तिथेच थांबलं. प्रेमलताला रडू फुटलं. "ओळखलंस ना, दादा? वापिटी. म्हण बघू. वा..."

त्याचे ओठ हलले. गेल्या दहा महिन्यांत ते पहिल्यांदा हलत होते. हात पंखाखाली गेला. बोटांना ती ओळ लागली. त्याने खाली वाकून पाहिलं.

मग त्याच्या घशातून जो आवाज निघाला तो तिने कधी ऐकला नव्हता. तो नखांनी बाँब ओरबाडू लागला. कागद टरकन फाटला, पंख कलला.

"औरत है," तो म्हणाला. शब्द स्वच्छ, खणखणीत. "औरत है, साब! साब, औरत है!"

पारुल हात जोडून देवाचं नाव घ्यायला लागली. दादाबाबू बोलले म्हणून तिला आनंद झाला होता. प्रेमलताला आधी कळेचना की हा हिंदीतून का बोलतोय, कोणाला बोलतोय. तो ओरडत होता समोरच्या भिंतीकडे पाहून, पुढे बसलेल्या माणसाला वाऱ्यातून ऐकू जावं तसा. मग तिला समजलं. तिने विमान उचलून आत नेलं. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून ती एकेक बाँब सोलून काढत होती, आणि बाहेरून ते शब्द येतच होते.

डॉक्टर लाहिरींना बोलावलं तेव्हा ते खूश झाले. "पाहिलंत? वाचा जाग्यावर आहे. आता आणखी शब्द येतील."

आणखी शब्द आले नाहीत. तेवढेच राहिले. आणि ते तो प्रेमलताला पाहून म्हणू लागला. ती दारातून आत आली, भाताची थाळी घेऊन वाकली, चादर बदलायला लागली, की त्याच्या चेहऱ्यावर भीती पसरायची आणि तो भिंतीला सांगायचा, "औरत है, साब." तिने पुढे केलेला हात तो आता धरत नसे. मनगट जवळ आलं की डोळे मिटून घ्यायचा.

सुरुवातीला ती म्हणायची, "मी आहे रे दादा, पमी." उपयोग झाला नाही. मग ती वेगळं म्हणून पाहू लागली. हिंदीत, जमेल तेवढ्या जाड आवाजात: "कोई नहीं है. नीचे कोई नहीं है. गाँव खाली है." एखाद्या दिवशी तो ऐकल्यासारखा गप्प व्हायचा. पुढच्या वेळी ती आत आली की पुन्हा तेच. शेवटी भरवायचं काम तिने पारुलवर सोपवलं, पण पारुलही बाईच होती. मग एक बिहारी म्हातारा ठेवला. तो भरवताना दादा मुकाट जेवायचा. प्रेमलता दाराआड उभी राहून ते पाहायची.

विमान तिला फोडवलं नाही. कपाटावर ठेवलं तर पारुल झाडताना विचारायची, म्हणून ती ते शाळेत घेऊन गेली. फाटलेला पंख सांधला होता. मुख्याध्यापिकांनी ते कोनाड्यातल्या काचेच्या कपाटात ठेवलं, वार्षिक प्रदर्शनात पहिलं मांडलं. "शोल्यातून हे असं! प्रेमलतादी, तुमच्या हातात जादू आहे." एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाईचे भोंगे वाजून शहर अंधारात गेलं तेव्हा शाळेतल्या मुली त्या कपाटापाशी गर्दी करून विचारायच्या, "हे लढाईचं विमान ना, दिदिमणी? यातून काय टाकायचे?"

"कागद," ती सांगायची.

श्यामसुंदर साडेतीन वर्षं तसाच जगला आणि चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात न्युमोनियाने गेला. शेवटच्या दोन दिवसांत तो बेशुद्ध होता, तेव्हा तिला पुन्हा त्याच्याजवळ बसता आलं. तिने त्याचा डावा हात आपल्या हातात घेतला. त्या हाताला काही कळत नव्हतं.

तेराव्यानंतर निकम बजबजहून आले. प्रेमलताने त्यांच्यापुढे चहा ठेवला. मग प्रेमलताने विचारलं, "त्या दिवशी काय झालं होतं?"

"त्या विमानात मी नव्हतो, बाई."

"तरी."

निकम खाली पाहून बोलू लागले. "विमान उतरलं, तर श्याम साखळी सोडून खाली उतरेच ना. आम्ही काढला त्याला. साहेब म्हणाले, घाबरलाय, बकऱ्या होत्या. श्याम जेवला नाही दोन दिवस. मग जेवायला लागला. नंतर तर हसायला पण लागला. आम्हाला वाटलं, बकऱ्याच असतील." त्यांनी कपबशी बाजूला सारली. "खरं काय होतं ते साहेबाला माहीत, आणि त्याला. साहेब चाळीस सालीच गेला."

"म्हणजे आता कोणालाच माहीत नाही."

"नाही." निकमांनी टोपी हातात घेतली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमचं यात काय होतं?"

"तुम्ही नको म्हणाला होतात. बाँब मी लावले."

निकमांनी टोपी डोक्यावर घातली. गाडीची वेळ झाली होती. ती त्यांना ट्रामच्या थांब्यापर्यंत सोडायला गेली. ट्रामला उशीर होता. ऊन रस्त्यावर सपाट पडलं होतं. दोघं डोक्यावर सावली शोधत एका बंद दुकानाच्या पायरीवर उभी राहिली. ट्राम आली, निकम चढले, खिडकीतून त्यांनी हात केला.

प्रेमलताने घरी येऊन खाटेवरची गादी गुंडाळली आणि पारुलला सांगितलं, कोणाला हवी असेल तर घेऊन जा म्हणावं.