कणकवलीची गाडी आमच्या बागेतून सुटते

"मावशी, शेवटचं सांगतो. पुढच्या रविवारपर्यंत ही खेळणी उचला, नाहीतर मी माणसं लावून उचलतो!"

"लाव ना! आणि खेळणी कोणाला म्हणतोस रे? इंजिन आहे, डबे आहेत, सिग्नल आहे. तुझ्या सोसायटीच्या लिफ्टपेक्षा माझी गाडी बरी चालते!"

हा आमचा सेक्रेटरी विलास. पन्नाशीला आलाय, पण त्याचं नाक गळत होतं तेव्हापासून मी त्याला ओळखते, म्हणून माझ्यासाठी विल्या. इमारतीच्या मागच्या बागेत त्याला मोटारींचं पार्किंग करायचंय. मला तिथे माझी गाडी हवी. सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या, आणि आम्ही दोघं खाली अळवाच्या वाफ्याशी भांडत होतो.

भांडण कुठवर गेलं ते सांगते, पण आधी गाडीचं ऐका. परळच्या आमच्या इमारतीत किस्से म्हणजे दोरीवरचे कपडे. आदले वाळायच्या आत वर नवे येऊन पडतात!

*

ही विजेवरची छोटी आगगाडी मी जुन्या बाजारातून उचलली. इंजिन मेलेलं. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं मी माझी मी शिकले. मिक्सर उघडून, इस्त्र्या उघडून आणि एकदा नवऱ्याचा रेडिओ उघडून. (तो रेडिओ अजून बंद आहे. असो.)

मी इंजिन उघडून बसले तर शेजारचे सावंतभाऊ, रिटायर्ड मोटरमन, येऊन उभे राहिले. "वहिनी, हे बायकांचं काम नाही."

"भाऊ, तुम्ही जन्मभर गाडी चालवलीत. बिघडली तर उघडलीत कधी?"

"छे! त्याला वेगळा स्टाफ असतो."

"मग मी तो स्टाफ. व्हा बाजूला, उजेड अडतोय!"

इंजिन चाललं. तेव्हापासून मी वर्कशॉप आणि भाऊ मोटरमन.

*

सदाफुलीच्या कडेने, पपईला वळसा घालून पितळी रूळ टाकले, मधे एक बोगदाही केला. मग निघाला स्टेशनांचा विषय. आमच्याकडे अर्धी इमारत कोकणातली. प्रत्येकाला आपल्या गावचं स्टेशन पाहिजे! खेडवाले आले, राजापूरवाले आले, कुडाळवाले तर घरूनच प्लॅटफॉर्म रंगवून घेऊन आले. म्हटलं, कोणाचं मन मोडा? लावा सगळी!

उद्घाटनाला भाऊंनी गाडी सोडली. वीतभर गेली, थांबली. पुन्हा वीतभर गेली, थांबली. इंजिन कुडाळला, शेवटचा डबा अजून राजापुरात!

"अहो सावंत, ही धावणार कधी?" वरून कोणीतरी ओरडलं.

"सगळीकडे हॉल्ट दिलाय. मी काय करू?" भाऊ शांतपणे म्हणाले.

शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि एकच स्टेशन ठेवलं. चिठ्ठी निघाली कणकवलीची. कुडाळवाले माझ्याशी अजून कामापुरतंच बोलतात.

*

दसऱ्याला इंजिनाची पूजा. ती तर व्हायलाच हवी! बायकांनी इंजिनाला हळदकुंकू वाहिलं, रुळांना वाहिलं, हौसेने चाकांनाही बोटं लावली. झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. भाऊंनी बटण फिरवलं. इंजिन ढिम्म!

"कोणाची तरी नजर लागली," एक बाई म्हणाली.

"नजर नाही, कुंकू लागलंय! चाकाला करंट मिळायला नको?"

मग समया घासायला काढलेली चिंच सगळ्या खाली घेऊन आल्या आणि नऊवारी-पाचवारी खोचून रूळ घासायला बसल्या. गाडी सुटली. घरोघरच्या समया मात्र त्या दसऱ्याला काळ्याच राहिल्या!

*

सावंतभाऊंनी नोकरीत कधी लाल सिग्नल ओलांडला नाही. एका संध्याकाळी आमच्या सिग्नलचा हिरवा दिवा गेला आणि लाल तेवढा पेटत राहिला. भाऊंनी गाडी थांबवली.

"भाऊ, बल्ब उडालाय. सोडा गाडी."

"मग बल्ब बदला. लाल आहे तोवर मी हलणार नाही."

दुकान बंद, बल्ब कुठून आणू? भाऊ स्टुलावर ताठ बसून. तेवढ्यात वरून त्यांच्या बायकोची हाक, "अहो, जावईबापू आलेत! व्याहीसुद्धा आहेत! वर या!"

भाऊंनी मान वर न करता उत्तर दिलं, "त्यांना चहा दे. माझी गाडी सेक्शनमध्ये अडकलीय!"

*

मध्यंतरी मांजरी बोगद्यात व्यायली. गाडी बंद. भाऊंनी पाटी लावली, 'तांत्रिक कारणामुळे सेवा स्थगित'. सकाळी बघते तर बोगद्याच्या तोंडाशी वाटीभर दूध. दुसऱ्या दिवशीही. कोण ठेवतं म्हणून जरा लवकर उठून खिडकीत उभी राहिले. आमचे सेक्रेटरीसाहेब! इकडेतिकडे बघत, वाटी ठेवून, चोरासारखे पळाले.

मी खिडकीतून बाजूला झाले. वाईट नाही हो विल्या. त्याला फक्त उद्या-उद्या करायची सवय आहे.

*

विल्याची आई, माई, दुसऱ्या मजल्यावर राहते. नवरा गेला, गुडघे गेले, तशी ती खाली यायचीच बंद झाली. एके दुपारी बघते तर कठडा धरून एकेक पायरी उतरतेय. ठेवणीतलं पातळ, केसात अबोली, हातात कापडी पिशवी. येऊन बाकावर बसली आणि भाऊंना विचारलं,

"कणकवलीची गाडी लागली काय?"

भाऊ स्टुलावरून उठून उभे राहिले. "लागली, माई. आता सुटतेच."

तेव्हापासून रोज येते. विल्या ऑफिसातून यायच्या आत वर जाते.

मी एकदा हळूच विचारलं, "माई, पिशवीत काय गं?"

"घराची चावी." गावचं, कणकवलीचं घर किती वर्षं बंद आहे! विल्या दर वर्षी म्हणतो, येत्या मे महिन्यात नेतो.

मी तिच्याकडे बघत राहिले तशी हसली. "माका खुळी समाजतंस? ही गाडी पपयेक फेरी मारून हयच येता, ता माका दिसता. पण इचारलंय की बरा वाटता गो. झिलाक सांगू नको. तेका वायट वाटात."

मी तिच्या झिलाला, विल्याला, सांगितलं नाही.

*

तर भांडण. विल्या घामाघूम झाला होता. "मावशी, एक सांगा. कोणाला हवीय ही गाडी? कोण बसतं तिच्यात? कोण कुठे जातं?"

मी वर बघितलं. रविवार होता, विल्या घरी होता, त्यामुळे माई खाली उतरली नव्हती. गॅलरीत उभी होती. ठेवणीतलं पातळ, केसात अबोली, हातात पिशवी. भाऊंनीही वर बघितलं आणि बटणावरचा हात काढला. मग विल्यानेही बघितलं.

मी म्हटलं, "ज्या दिवशी तू माईला खऱ्या गाडीने कणकवलीला नेशील ना विल्या, त्या दिवशी हे रूळ मी माझ्या हाताने उखडून देईन!"