दोन पाकळ्यांची झडप

ओपीडी चालू असतानाच फोन आला. "मावशी, आई गेली..." सुनंदाची थोरली लेक. बाहेर पेशंट बसलेले, माझ्या हातात कुणाचा तरी ईसीजी. तो कागद धरून मी नुसतीच उभी राहिले.

महिना झाला त्याला. सुनंदा अहमदपूरच्या एसटी मेकॅनिकची लेक, लहान मुलांच्या हृदयाची डॉक्टर. लातुरात आम्ही दोघींनी मिळून दवाखाना काढला, पण इको शिकलो त्याआधी, नांदेडला. सोनोग्राफीसारखंच, धडधडतं हृदय पडद्यावर दाखवणारं मशीन. पेशंट नसले की एकमेकींवर हात बसवायचा. एका दुपारी ती टेबलावर आडवी झाली, मी तिच्या छातीवर मशीनचा प्रोब धरला. हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथल्या झडपेला तीन पाकळ्या असतात. सुनंदाला दोनच दिसत होत्या. जन्मापासूनच्या. मी कोन बदलून बदलून पाहिलं. "गप्प का गं?" म्हणत तिनं मान वळवली, पडदा बघितला आणि म्हणाली, "चित्र मात्र झकास काढलंस!" हसलीसुद्धा. नंतर कॅन्टीनमध्ये तिचा चहा तसाच गार झाला...

झडप तेव्हा नीट उघडत होती. दरवर्षी तिचा इको मी करायचा, एवढं ठरलं. लग्न जमलं तेव्हा होणाऱ्या नवऱ्याला तिनं स्वतःच सगळं सांगितलं.

लातूरला रेल्वेनं पाणी यायचं त्या उन्हाळ्यात उदगीरकडची एक बाई सहा वर्षांच्या पोरीला घेऊन आली. खेळता खेळता पोरीला चक्कर यायची. सोबत सासू. बाहेर बाकावर माणसं उदगीर जिल्हा होणार की नाही यावर भांडत होती. आत सुनंदा समजावत होती, पोरीच्या झडपेला दोनच पाकळ्या आहेत, त्याही चिकटल्यात. मांडीच्या नसेतून फुगा नेऊन त्या मोकळ्या कराव्या लागतील, हैदराबादला न्या. सून रडायला लागली. सासू उठलीच. "चल, टँकर यायची येळ झाली. काळजात खोट हाय म्हनून गावात कळलं, तर पोरीला करून कोन घेईल?"

सुनंदानं दार लोटलं, टेबलावर आडवी झाली, मला म्हणाली, "लाव गं."

"आजी, हितं बघा. मोजा पाकळ्या."

म्हातारी वाकली. "दोनच दिसतेत की..."

"ही माझी झडप हाय. माझं लगीन झालं, दोन लेकरं झाली. माझी चिकटली न्हाई, तुमच्या नातीची चिकटलीय. येळेवर सोडवली तर तीबी संसार करील."

म्हातारीनं पडद्याला बोट लावलं, मग सुनंदाच्या कपाळावरून हात फिरवला. "लई धीराची हायस बाई." पोर हैदराबादला गेली, बरी होऊन आली.

पुढं सुनंदाची झडपही निबर झाली. नवी बसवली, ती पुन्हा कामाला लागली. यंदा त्या नव्या झडपेलाच जंतूंनी धरलं. औषधं हरली...

परवा उदगीरकडची ती पोर आईबरोबर भेटायला आली. दहावीला आहे आता. तिचा यंदाचा इको राहिला होता. सुनंदाच्या खोलीत मशीन सुरू केलं, तर पडदा उघडला तो लहानग्या छातीच्या मापावर. सुनंदानं ते तसंच लावून ठेवलेलं. तिच्याकडे यायची ती लेकरंच. ही पोर उंच झालीय, मला माप वाढवावं लागलं. झडप छान उघडत होती. त्या दोघी गेल्यावर मी माप पुन्हा होतं तसं करून ठेवलं.