मसुराएवढी चांदी

पूल निम्मा ओलांडून झाला आणि वन्सं कठड्याशी थांबल्या. "ऊन तिरकं आलंय, आता बघ," म्हणत त्यांनी पिशवीतून बटणांची डबी काढली.

माझ्या या नणंदेचं आयुष्य शिवणकामात गेलं. लोकांचे कपडे आखूड-लांब करायचे, काजं करायची आणि हाती उरेल त्यातून ग्रीक लोकांची दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीची चांदीची चिल्लर जमवायची. मसुराच्या डाळीहून लहान नाणी, तीच या डबीत असायची! एकावर घुबड, एकावर बैलाचं डोकं, तेही इतकं रेखीव की कपाळावरचे कुरळे केस दिसावेत. घरातले हसायचे. वन्सं म्हणायच्या, "हसा, पण तोंड तिकडे करून. उडतील."

"एवढुसं नाणं ते लोक ठेवत कुठे?" मी विचारलं.

"गालात. बाजारात जाताना तोंडात धरायचे. तू तर पहिल्या कोपऱ्यावरच गिळलं असतंस."

मला हसू फुटलं, आणि तेवढ्यात त्यांच्या बोटांतून बैलाचं नाणं निसटलं.

"हलू नकोस!"

आम्ही दोघी भर पुलावर गुडघे टेकून शोधायला लागलो. एक सायकलवाला थांबला. "काय हरवलं, आजी?"

"बैल," वन्सं म्हणाल्या. तो बिचारा गुपचूप पुढे गेला.

मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होते. शेवटी माझ्याच शालीच्या गोंड्यात चांदीचा ठिपका चमकला.

"बोट ओलं कर. श्वास रोख. नुसतं टेकव."

मी नाणं अलगद उचलून डबीत सोडलं. वन्सं माझ्या हाताकडे बघत राहिल्या. त्यांचा स्वतःचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. हल्ली सुई ओवायला त्या शेजारणीला का बोलावतात, ते मला तेव्हा उमगलं.

"फिरायला चल म्हटलं, ते खोटं," त्या म्हणाल्या. "ही सगळी पुलापलीकडच्या जुनी नाणी घेणाऱ्या दुकानदाराला देऊन टाकायला निघाले होते. हात असा कापतोय, एकेक करून सगळी हरवून बसेन."

नवरा गेला तेव्हाही या बाईनं कुणापुढे शब्द टाकला नव्हता. तेराव्या दिवशी मशीन सुरू केलं होतं. आता मात्र त्यांनी माझं मनगट धरलं.

"वहिनी, परत फिरू या का? दर रविवारी येत जा. तू उचलून धरायचं, मी भिंगातून बघेन. एवढं करशील माझ्यासाठी?"