खोलीत हीटर असतो

माझ्या आत्याला राग येत नाही, असं आमच्या घरात सगळे कौतुकाने सांगतात. मला त्या कौतुकाचाच राग येतो. ज्या माणसाला राग येत नाही, त्याच्या गळ्यात काहीही घालता येतं, एवढाच त्याचा अर्थ.

आत्या गरम कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानात काम करते. आमच्याकडे अंगावर सदरा नकोसा होईल असा उकाडा, पण डोंगरावर जाणाऱ्या सगळ्या बस इथूनच सुटतात, म्हणून भर उन्हाळ्यात हे दुकान जोरात चालतं. पुढे मालक गिऱ्हाइकं सांभाळतात आणि मागच्या बिनखिडकीच्या खोलीत आत्या बसते. परत आलेले कोट झटकायचे, खिसे उलटे करायचे, उसवलेलं शिवायचं, वाफेची इस्त्री फिरवायची. खिशांतून रोपवेची चुरगळलेली तिकिटं निघतात, चॉकलेटचे कागद निघतात, एकदा तर कुणाची तरी कवळी निघाली होती. डोंगरावरून आलेल्या वस्तू तिने इतक्या पाहिल्या, पण डोंगर काही पाहिला नाही.

बाबा आणि काका मात्र आपापली बिऱ्हाडं घेऊन तिथे कितीतरी वेळा जाऊन आले. दोघेही तिच्या पाठचे, तिने कडेवर खेळवलेले. दर वेळी कोट आत्याने आणायचे, आल्यावर आत्यानेच धुवायचे. घरात कुणीतरी थांबायला हवं, असं दर वेळी ठरायचं आणि तो कुणीतरी कोण, हे विचारायची गरजही कुणाला वाटायची नाही.

या वर्षी काका स्वतः म्हणाला, "ताई, या वेळी तू येणारच. नाही म्हणायचं नाही."

त्या दिवशी आत्याने चहात दोनदा साखर घातली आणि तो तसाच सगळ्यांना प्यायला लावला.

दुकानात टोपीचा एक निळा कोट बरेच दिवस पडून होता. आतलं अस्तर फाटलं होतं, म्हणून कुणी घेत नव्हतं. आत्याने त्याला नवं अस्तर लावलं, खांदे आत घेतले, बाह्या आखूड केल्या, बटणं बदलली. मालक म्हणाले, की आता हा दुसऱ्या कुणाच्या कामाचा राहिला नाही, तुम्हीच घालून जा. तिला तेच हवं होतं. बाकी सगळ्यांचे कोटही तिने वेळेवर बाजूला काढून घरी आणले. हंगामात तिथे एवढी झुंबड असते, की हॉटेलात खोली मिळत नाही, गाडी लावायला जागा मिळत नाही आणि आत्याच्या दुकानात एक हातमोजासुद्धा उरत नाही.

मग एका संध्याकाळी पुढच्या खोलीत बैठक बसली. रोपवेला मैलभर रांग लागते, म्हणून उजाडताच निघायचं, दिवसभर वर राहायचं आणि अंधार पडायच्या आत खाली यायचं, असं बाबांनी फोनवर नकाशा दाखवत ठरवलं. काकूची बहीणही येणार असल्याचं तेव्हाच कळलं. आत्या पलंगावर कोट मांडून ज्याचा त्याला देत होती. शेवटी निळा कोट उरला.

"हा कुणाचा?" काकूने विचारलं.

"माझा," आत्या म्हणाली.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग काका हसत म्हणाला, "ताई, तुला कोट कशाला? खोलीत हीटर असतो."

काकाची जुळी अजून नीट चालतही नाहीत आणि इतक्या लहान मुलांना वर नेऊ देत नाहीत. सगळे वर जाणार, तेव्हा हॉटेलात त्यांच्याजवळ कुणीतरी थांबायला हवं होतं. एवढ्यासाठी ताईने यायलाच हवं होतं. बाबा तर मनापासून म्हणाले, की खिडकीतून सगळा डोंगर दिसतो, उलट गर्दीची कटकट नाही. आणि काकू निळा कोट उचलून बघत म्हणाली, की हा माझ्या बहिणीला होईल, ती साधारण ताईंच्याच अंगाची आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंडाला येईल ते बोलले. आईने डोळे वटारले, बाबांनी मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस म्हणून मला गप्प केलं. आत्या मात्र शांतपणे काकूच्या हातातून कोट घेऊन घड्या घालत राहिली. प्रत्येकाचा कोट मागून घेऊन तिने दोन मोठ्या पिशव्यांत भरला. ताई किती समजूतदार आहे, असं काका आईला म्हणाल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू आपला कोट पुन्हा घालून बघायला गेली, तर पिशव्याच जागेवर नव्हत्या. बाबा तडक दुकानाकडे निघाले. मीही निघाले, हा तमाशा मला चुकवायचा नव्हता.

दुकानात एक भलंमोठं कुटुंब आरशासमोर उभं होतं. बाबांचा तपकिरी कोट एका अनोळखी माणसाच्या अंगावर होता आणि त्याला तो बाबांपेक्षा बरा दिसत होता. मालक म्हणाले, की ताईंनी सकाळीच सगळे परत आणून दिले, आता दांडीवर काही उरलेलं नाही.

आत्या मागच्या खोलीत इस्त्रीच्या वाफेत बसली होती. अंगावर निळा कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, कपाळावरून घामाच्या धारा. ती कुणाचीतरी बाही शिवत होती.

"ताई, हे काय केलंस? आता आम्ही काय घालायचं?" बाबा म्हणाले.

"तुम्हाला कोट कशाला?" आत्याने मान वर केली नाही. "खोलीत हीटर असतो."

"अगं, आम्हाला वर जायचंय."

"मलापण जायचंय."

हे वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. बाबांनीही ते ऐकलं. मला वाटलं, आता तरी काहीतरी चांगलं बोलतील.

"मग पोरांजवळ कोण थांबणार?" बाबा म्हणाले.

आत्याने दातांनी दोरा तोडला आणि बाही उलटून पाहिली.

"ज्याच्याकडे कोट नाही, तो."