दुधनेच्या काठावर फाटलेला आवाज

सन अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात हिंदी फौज निजामाच्या मुलखात शिरली, तेव्हा मी सिग्नल्समध्ये नाईक होतो. माझं गाव वाटूर. महायुद्धात भरती झालो, ब्रह्मदेशात तारा ओढल्या, आणि एवढं जग फिरून पोस्टिंग मिळालं ते परतूरला, घरापासून बैलगाडीच्या वाटेवर. कंपनीतले लोक म्हणत, सरकारनं याला फुकटात माहेरी आणून सोडलं. म्हणोत बापडे. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या आणि मी त्या लपवतही नव्हतो.

माझ्या ताब्यात लाउडस्पीकरची गाडी होती. छोटा ट्रक, टपावर दोन भोंगे, आत आवाज वाढवणारा, काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, एक माइक, एक ग्रामोफोन आणि हे सगळं चालवायला एक जाडजूड बॅटरी. नाना अफवा उठल्या होत्या, आणि त्यांना घाबरून माणसं घरंदारं टाकून रानात पळाली होती. आम्ही सकाळी गाडी काढायचो, गावाबाहेर उभी करायचो, आधी एक तबकडी लावायचो आणि मग सांगायचो: हत्यारं जमा करा, घरी परत या, कुणाला त्रास होणार नाही. आष्टीला तर लोकांनी तबकडी पुन्हा लावायला सांगितली आणि सूचना राहू द्या म्हणाले.

गाडी चालवायला लान्सनाईक सखाराम तांडेल. हर्णैचा कोळी. रंगानं काळा, दात पांढरे, जीभ सुरीसारखी. मला तो नावानं कधी हाक मारायचा नाही, वाटूरकर म्हणायचा. दुधना पहिल्यांदा पाहिली तेव्हा तो म्हणाला होता, "वाटूरकर, याला तुम्ही नदी म्हणता? आमच्याकडे यात भांडीसुद्धा घासत नाहीत." मी म्हणालो, वरच्या अंगाला पाऊस पडू दे, मग बोल.

तो पाऊस पडला.

त्या सकाळी उस्मानचाचा कॅम्पावर आले. परतूरच्या बाजारात ते मापारी होते, म्हणजे शेतकऱ्याचं धान्य मोजून देणारे. पंचक्रोशीतल्या प्रत्येक शेतकऱ्यानं त्यांच्या हातून ज्वारी मोजून घेतलेली. माझ्या वडिलांनीही. चाचांच्या पायांत चपला नव्हत्या आणि धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलं होतं.

"माझी लेक बेटावर हाय, बेटा," ते मला म्हणाले. "लेक, तिची लेकरं, सासरा, सगळी आळीच गेल्ती तिकडं. फौज येऊन राह्यली म्हून भेले. तवा पानी घोट्याएवढं व्हतं. आता चढून राह्यलंय."

मी त्यांना कॅप्टनसाहेबांपुढे उभं केलं. साहेब पंजाबकडचे. ऐकून घेतलं, टोपी चढवली आणि म्हणाले, "गाडी निकालो."

दुधनेच्या पात्रात ते बेट होतं. बाभळी, वेड्या झुडपांचं रान, मध्ये थोडी उंच जागा. आमच्या काठाकडून उतार होता, पाणी मांडीपर्यंत. पलीकडच्या अंगाला मात्र खोल धार, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही भारी. म्हणजे सुटायची वाट एकच, आमच्याकडून. आणि भीती होती ती आमचीच.

साहेबांनी वरच्या अंगाला रेल्वेपुलाशी वायरलेस घेऊन एक जवान बसवला होता. त्याचा पहिला निरोप आला.

"पाणी हातभर चढलं. गढूळ आहे. ओव्हर."

"अजून चढेल? ओव्हर."

"चढेल. झाडं वाहून येतात. ओव्हर."

सखारामनं बूट काढले, कमरेला दोर बांधला आणि उतारातून पलीकडे गेला. बेटावरच्या एका बाभळीला त्यानं दोर आवळला. इकडचं टोक आम्ही ट्रकच्या हुकाला बांधलं. आता दोर धरून लहान पोरही आलं असतं. पण खाकी कपडा बघताच झुडपातली माणसं मागे सरली, खोल धारेकडे. दोनचार दगड आले. सखाराम कपाळावर खोक घेऊन परतला.

"नेम चांगला आहे," तो म्हणाला. "वाटूरकर, तुझा भोंगा काढ. मला बघून ते नदीत उडी मारतील."

मी अ‍ॅम्प्लिफायर चालू केला, व्हॉल्व्ह तापू दिले आणि माइक चाचांच्या हातात दिला. चाचांनी डावा हात कानावर ठेवला, माइक ओठांना लावला आणि छाती भरून हाळी दिली.

भोंग्यातून जे निघालं ते माणसाचं नव्हतं. गुरगुर, खरखर, पत्रा ओढल्यासारखी कर्कश किंचाळी. शब्द एकही नाही. बेटावर रडारड उठली आणि झुडपं आणखी मागे हलली. त्यांना वाटलं असावं, फौजेनं काहीतरी यंत्र आणलं.

"सिग्नल," साहेब शांतपणे म्हणाले, "मुझे आदमी की आवाज चाहिए. भैंस की नहीं."

आवाज फाटत होता. लाउडस्पीकरवाल्याला हा रोग नवा नाही, पण तो कुठे बसलाय हे शोधावं लागतं. माझे हात शिवशिवायला लागले. खोटं कशाला बोलू, भीती होतीच, पण अंगात वारं शिरल्यासारखंही झालं होतं. ब्रह्मदेशात आमच्या उस्तादांनी एक शिस्त लावली होती: सगळ्याला एकदम हात लावायचा नाही. एका टोकाला धरायचं आणि एकेक निर्दोष सोडत जायचं.

पहिलं टोक माइक. "चाचा, वरडू नका. घरात बोलता तसं बोला."

"अरं, नदीपल्याड जायाला पायजे ना? बाजारात मी असाच वरडतो. चार गाड्यांपल्याड ऐकू जातंय."

"पलीकडे न्यायचं काम भोंग्याचं. तुमचं काम निस्तं बोलायचं."

बाजारात आयुष्य गेलेल्या माणसाला हे पटेना. त्यांच्या धंद्यात हळू बोलणारा मापारी म्हणजे मापात पाप करणारा. शेवटी सखारामनं माइक त्यांच्या तोंडापासून वीतभर लांब धरला आणि आपल्याच हातात ठेवला. आवाज थोडा निवळला, पण फाटायचा थांबला नाही.

मग माइकच काढला आणि ग्रामोफोन जोडला. तबकडीही फाटलेलीच वाजली. म्हणजे माइक निर्दोष. रोग पुढे होता.

"पाणी कमरेला. ओव्हर," वायरलेसवर आलं.

टपावर चढलो. एका भोंग्याची तार काढली; फाटणं तसंच. ती जोडून दुसऱ्याची काढली, तरी तसंच. दोन्ही भोंगे एकदम, एकाच तऱ्हेनं बिघडत नसतात. म्हणजे भोंगेही सुटले. राहिला अ‍ॅम्प्लिफायर, नाहीतर त्याला मिळणारं खाणं.

खाली उतरलो आणि अ‍ॅम्प्लिफायरचं झाकण उघडलं. सखाराम वाकून बघत होता. तबकडीत बाई हळू गात होती तेव्हा आवाज बरा होता. तिनं तान घेतली की फाटायचा. आणि तान घेतली की पेटीच्या तोंडावरचा तांबडा दिवा मंद व्हायचा.

"वाटूरकर," सखाराम म्हणाला, "तुझी बाई ओरडली की दिवा मरतो."

मलाही तेच दिसत होतं. मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. मोठ्या आवाजाला जास्त वीज लागते, आणि ती ऐन वेळी पुरी पडत नव्हती. अर्धपोटी बैलाला चढावर जुंपावं तसं चाललं होतं. बॅटरीकडे झेप घेतली. जालन्यापासून काळ्या मातीच्या रस्त्यानं गचके खात आलेली गाडी. एका टर्मिनलचा नट ढिला होता आणि शिशावर पांढरी बुरशी चढली होती. तिथंच वीज अडत होती. खिशातला चाकू काढून शिसं चकचकीत होईतो खरवडलं, तारेचं टोक खरवडलं, नट आवळला. सखाराम तोपर्यंत इंजिन चालू करून बॅटरीला जोर देत होता.

तबकडी लावली. बाईनं तान घेतली. दिवा हलला नाही. तान नदीवर स्वच्छ गेली आणि मला नाचावंसं वाटलं.

माइक जोडला. "चाचा, आधी नुस्तं मोजा. एक, दोन, तीन. हळू."

चाचांनी एक म्हटलं नाही. मापारी कधी म्हणत नाही. पहिल्या मापाला तो लाभ म्हणतो, आणि हा माणूस तर उभ्या जन्मात दुसरं काही म्हणाला नव्हता.

"लाभ," चाचा बोलले. "दोन. तीन."

बेटावरचं रडणं थांबलं. झुडपातून एक पांढरी दाढी वर आली. मग एक बाई, कडेवर मूल. चाचांना सांगायचं होतं ते सगळं ठरलेलं भाषण ते विसरले.

"रुकैया," ते माइकमध्ये म्हणाले, अगदी घरात बोलतात तसं, "मी हाय, अब्बा. ही मान्सं बराबर हायेत. दोर धर अन् ये. जल्दी कर, बेटी. पानी थांबायचं न्हाई."

ती आली. तिच्यामागून सगळे. आम्ही कमरेइतक्या पाण्यात साखळी करून उभे राहिलो आणि मुलं हातोहात काठावर गेली. एक म्हातारी मधेच थांबून मला म्हणाली, "तू वाटूरचा न्हवं? तुझ्या मायला वळखते मी." मी म्हणालो, आधी वर चला, मंग वळखा. सगळे हसत होते. त्या पाण्यात, त्या घाईत, आम्ही खरोखर हसत होतो. सखाराम दर खेपेला दोन पोरं खांद्यावर घेऊन यायचा आणि प्रत्येकाला विचारायचा, दगड तू मारलास का.

शेवटी रुकैयाचा सासरा राहिला. पायानं अधू. सखाराम त्याला पाठीवर घेऊन निघाला तेव्हा पाणी छातीला आलं होतं. उताराच्या या टोकाला त्यानं म्हातारा माझ्या हातात दिला. मी वळून त्याला काठावर चढवला.

पुलावरून निरोप आला. "झाड सुटलंय. मोठं. ओव्हर."

मी सखारामकडे हात टाकला. वरून एक बाभूळ मुळांसकट वाहत आली, दोरावर आपटली, दोर तुटला आणि फांद्यांनी त्याला ओढलं. दोन वेळा त्याचं डोकं दिसलं. तो पोहत होता, चांगला पोहत होता.

माइक चाचांच्या हातातच होता. "सखाराम," ते म्हणाले. नाव त्यांनी आमच्या तोंडून ऐकलं होतं. "सखाराम, बेटा. उजवीकडं ये. उजवीकडं. सखाराम." आम्ही काठानं धावत होतो आणि आवाज आमच्याही पुढे जात होता. एक अक्षर फाटलं नाही.

तो दुसऱ्या दिवशी सापडला, बऱ्याच खाली. दुधनेच्या काठावरच अग्नी दिला. बेटावरची सगळी माणसं आली होती. लाकडं त्यांनी आणली.

त्याची ट्रंक घेऊन मी हर्णैला गेलो. आई दारात जाळं विणत होती. तिनं हातातलं काम ठेवलं नाही. नदी केवढी होती ते विचारलं. मी सांगितलं. त्यानं किती जणांना काढलं ते विचारलं नाही. मीच सांगितलं, ती मान हलवत राहिली. मग म्हणाली,

"जाताना त्याला कुणी हाक मारली का रे?"

"मारली, आई."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन. बेटा म्हणून."

"त्याला ऐकू गेली असेल?"

"गेली," मी म्हणालो. "पार वळणापर्यंत स्वच्छ जात होती."

तेव्हा तिनं जाळं खाली ठेवलं.