आजीबाईंचं ‘ने’

ग्रीसमधल्या त्या बेटावर एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारी पायवाट समुद्राच्या कडेकडेने चढत जाते. वळणावर एक आजीबाई ओव्यासारख्या वासाची पानं खुडत बसल्या होत्या. मी पुढे बोट करून पलीकडच्या गावाचं नाव घेतलं. त्या मान हलवत म्हणाल्या, “ने, ने.”

“नाही म्हणताहेत,” माझा नवरा म्हणाला. “चल मागे. त्यात तुझा तो गुडघा.”

गुडघ्याच्या ऑपरेशनपासून आमच्या घरात सगळ्यांना सगळीकडून नकारच ऐकू येतो. माणसाचे कान त्याच्या भीतीचंच ऐकतात की काय! मला मात्र ते ‘ने’ चक्क मराठी वाटलं. पाय पुढे ने, म्हणणारं. मी काठी टेकली आणि निघाले. चढावर गुडघा कुरकुरला. म्हटलं, कुरकुर हवं तेवढं, पण चल. खाली निळं पाणी खडकांवर आपटत होतं, पुन्हा पुन्हा, न कंटाळता.

पलीकडच्या गावात कॉफी देणारी बाई आमच्या वादात सारखं येणारं ‘ने’ ऐकून हसली आणि इंग्रजीत म्हणाली, ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे ‘हो’.

नवरा हळूच म्हणाला, “म्हणजे आता परतही चालतच?”

“ने,” मी म्हणाले.