कोपऱ्यातल्या खोक्याचं कुंकू

सोलापूरच्या एका इस्पितळात मी सर्व्हर सांभाळतो. इथल्या उन्हाळ्यात सर्व्हरमधल्या डिस्क सारख्या जायच्या. वैतागून मी त्या काढूनच टाकल्या आणि कोपऱ्यात एक स्टोरेजचं खोकं बसवलं. तेव्हापासून सर्व्हर चालू केला, की तो नेटवर्कवरून त्या खोक्याला शोधतो, तिथून आपली सिस्टीम घेतो, मगच जागा होतो; मध्येच खोकं बंद झालं, तर तोही पडतो. खोकं दिसायला अगदीच सामान्य. कुणी ढुंकूनही बघायचं नाही.

खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा केली. लखलखत्या सर्व्हरना मीच कुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि पेढा खायला कॅन्टीनमध्ये गेलो. पेढा तोंडात असतानाच ओरडा झाला. पेशंटचे जुने रिपोर्ट उघडेनात. धावत वर आलो, तर सगळे सर्व्हर आडवे. आणि कोपऱ्यातल्या खोक्यावर कुंकवाचं ताजं बोट.

साफसफाईच्या मावशी दारात उभ्या होत्या. नवऱ्यामागं घर त्यांच्याच पगारावर चाललेलं.

"समद्यास्नी कुंकू लावलं तुमी, ह्यालाच न्हाय," त्या म्हणाल्या. "लई वाईट वाटलं. वल्लं फडकं मारायचं म्हून बटन बंद केलं. परत लावलं की लगेच!"

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण सर्व्हरना कुंकू लावताना खोक्याची आठवण मला झाली नव्हती, त्यांना झाली होती.

खोकं पुरतं सुरू झालेलं होतं. मी एकेक सर्व्हर पुन्हा चालू केला. खालून मोठ्या डॉक्टरांचा आवाज जिना चढत होता, "ज्यानं बंद केलं, त्यानं उद्यापासून यायचं नाही!" मावशींनी पदर तोंडावर घेतला.

कुंकू पुसायला मी रुमाल काढला. हात होईना. मग ताटातलं कुंकू घेतलं आणि त्यांच्या बोटाशेजारी माझं एक बोट उमटवलं.

डॉक्टर आले. त्यांची नजर थेट खोक्यावर गेली. "हे कुणी लावलं?"

"मी."

मला काढलं तर सर्व्हर कोण उठवणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "तुम्ही तरी, शिकलेसवरलेले..." एवढं म्हणून ते खाली गेले.

मावशींनी पदराआडून बाहेर बघितलं. रिपोर्ट उघडू लागले होते. मी पेढ्याचा पुडा त्यांच्यापुढे धरला. त्यांनी एक पेढा उचलला आणि तोंडात घालायच्या आधी खोक्यापुढे ठेवला.